ओहोटी वेगळी, मकरान वेगळं

खाडी आटल्याचा फोटो टाकून 'त्सुनामी येतेय' म्हणणाऱ्यांना काहींनी झापलंय, की ही नुसती ओहोटी आहे आणि अरबी समुद्रात त्सुनामी येतच नाही. त्यातलं ओहोटीचं बरोबरच. नवी मुंबईतल्या सारसोळे जेट्टीला अमावास्येच्या ओहोटीत चिखल असाच उघडा पडतो, होड्या कलंडून बसतात, निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारत असतात. कोळी तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

पण 'अरबी समुद्रात त्सुनामी येतच नाही' हे काही पटलं नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ चा भूकंप झाला, त्याच्या लाटा पार मुंबईपर्यंत आल्या, माणसंही गेली. उलट २०१२ चा सुमात्राचा धक्का ८.६ चा, म्हणजे त्याहून मोठा. पण तिथे समुद्राचा तळ उचलला न जाता आडवा सरकला, म्हणून मोठी त्सुनामी झालीच नाही. तेव्हा भूकंपाचा नुसता आकडा फॉरवर्ड करून काय कळणार? त्सुनामीचा इशारा देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचं बुलेटिन बघा की.