ग्रामसभेच्या ठरावात बंदी मागावी की अनामत?

प्रश्न : निवास-न्याहारी चालक, मालवण तालुका

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी मी एका ठरावाचा मसुदा तयार करतो आहे आणि त्यावर जाणकारांचे मत हवे आहे. आमच्या वाडीत आठ-दहा घरी पर्यटक उतरतात आणि किनाऱ्यालगत खाण्यापिण्याचे स्टॉल लागतात. राज्याची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 रोजी निघाली. पुढे केंद्राने ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून बंदी आणली. तरीही गेल्या मे महिन्यात एका सकाळी सुरूच्या बनात मी गोणी घेऊन फिरलो, तेव्हा तासाभरात ती भरली आणि तीत सगळ्यांत जास्त निघाल्या त्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या व खाऊची पाकिटे, म्हणजे ज्यांवर बंदीच नाही अशा वस्तू. काही बाटल्यांचे बूचही उघडलेले नव्हते.

त्यामुळे केवळ "बंदीची कडक अंमलबजावणी करावी" असा ठराव करून फारसे साधणार नाही, असे मला वाटू लागले आहे. स्टॉलवर सोलकढी आणि जेवण स्टीलच्या भांड्यांत द्यावे, पार्सल हवे असेल तर अनामत घेऊन डबा द्यावा आणि रिकामा डबा वाडीतल्या कोणत्याही स्टॉलवर परत घ्यावा, असे माझ्या मनात आहे. ग्रामपंचायतीला असे ठरवण्याचा अधिकार कितपत आहे? आणि ठरावात शासनाकडे नेमके काय मागावे?

उत्तर 1 : निवृत्त ग्रामसेवक, रत्नागिरी जिल्हा

ठरावाचे दोन भाग करावेत, अशी माझी सूचना आहे. गाव स्वतः काय करणार ते पहिल्या भागात आणि शासनाने काय करावे ते दुसऱ्या भागात. हे दोन्ही एकत्र लिहिले की वरच्या कार्यालयात ठरावावर "योग्य कार्यवाहीस्तव अग्रेषित" असा शेरा पडतो आणि कागद तिथेच थांबतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

2016 च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामपंचायतींवरही या कचऱ्याची जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे हा विषय आपल्या अधिकाराबाहेरचा आहे असे कोणी म्हणू शकत नाही. पंचायत आपल्या जागेवरील स्टॉलला परवानगी देताना भांड्यांची अट घालू शकेल. मात्र बाटलीबंद पाण्याच्या कंपनीवर अनामतीची सक्ती करणे पंचायतीच्या हातात नाही. त्यासाठी राज्य किंवा केंद्र शासनाकडेच जावे लागेल. 15व्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानातील 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता. अशा बंधित निधीतून भांडी धुण्याची सामाईक जागा बांधता येईल का, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मागून घ्यावे.

आता शासनाकडे काय मागायचे ते पाहू. 2018 च्या अधिसूचनेतच दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परतावा छापण्याची तरतूद होती. माझ्या घरी रोज दोन पिशव्या येतात, पण ते 50 पैसे मला कोणी आजवर परत दिलेले नाहीत, कारण पिशवी कोणी परत घ्यायची आणि त्याला त्याबद्दल काय मिळायचे हेच दुकानदारापर्यंत पोहोचले नाही. नुसता परतावा छापणे पुरेसे नसते; परत घेणाऱ्यालाही प्रत्येक नगामागे काही मिळाले पाहिजे, हे ठरावात स्पष्ट लिहा.

दुसरे असे की, केंद्राच्या फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनांबाबत कंपन्यांवर पुनर्वापराचे बंधन घातले आहे. 2025-26 पासून 4.9 लिटर व त्याहून मोठ्या वेष्टनांसाठी ते 70 टक्क्यांपासून, तर 0.9 ते 4.9 लिटरच्या वेष्टनांसाठी 10 टक्क्यांपासून सुरू होते. 0.9 लिटरच्या खाली असे बंधनच नाही. आपल्याला सुरूच्या बनात सापडलेली अर्ध्या लिटरची बाटली नेमकी इथून निसटते, त्यामुळे मागणी या फटीवर बोट ठेवणारी असावी.

उत्तर 2 : कोकम उत्पादक, महिला बचत गट, कुडाळ तालुका

दादा, ठरावात आमच्यासारख्या लहान उत्पादकांचाही विचार व्हावा, म्हणून लिहिते. आमच्या गटाने दोन हंगाम आगळ (कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस) काचेच्या बाटलीत भरून विकले आणि रिकामी बाटली परत आणणाऱ्याला पुढच्या खरेदीत सूट दिली. गावातल्या गिऱ्हाइकांकडून बाटल्या येत राहिल्या, पण पर्यटकांकडून जवळजवळ एकही आली नाही. त्यांना पुन्हा आमच्याकडेच यायचे नव्हते, तर सूट घेऊन ते काय करणार? रोख अनामत असती आणि बाटली कुडाळ स्टेशनजवळच्या दुकानात देता आली असती, तर चित्र वेगळे दिसले असते असे मला आजही वाटते.

धुण्यात आम्हांला फारशी अडचण आली नाही. आगळाचा वास प्लॅस्टिकला धरून राहतो, पण धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून, ब्रश फिरवून, स्वच्छ पाण्याने विसळून उन्हात पालथी घातलेली काच कोरी निघते. त्रास झाला तो झाकणांचा. आगळातल्या आंबटपणाने आणि मिठाने पत्र्याची झाकणे आतून गंजतात, म्हणून झाकण दर वेळी नवे घ्यावे लागते आणि तो खर्च धरूनच भाव ठरवावा लागतो. अन्नसुरक्षेच्या 2018 च्या वेष्टनविषयक नियमांत पुन्हा वापरायच्या काचेच्या बाटल्या टिकाऊ आणि सहज स्वच्छ व निर्जंतुक करता येतील अशा असाव्यात, असे म्हटले आहे. म्हणजे कायदा काचेच्या पुनर्वापराच्या आड येत नाही.

आमची खरी मागणी आहे ती एकाच मापाच्या, एकाच घाटाच्या सामाईक बाटलीची. आज प्रत्येक उत्पादकाची बाटली वेगळी, त्यामुळे दुसऱ्याची परत आलेली बाटली आमच्या काही उपयोगाची नसते. गोटी सोड्याची बाटली आपल्याकडे इतकी वर्षे क्रेटमधून फिरत राहिली, कारण ती कोणत्याही गाडीवर चालत असे. जर्मनीत बिअरच्या पुन्हा भरायच्या साध्या बाटलीवर 8 सेंट अनामत आहे, आणि एकदाच वापरायच्या बाटलीवर 25. म्हणजे टाकाऊ बाटली घेणाऱ्यालाच जास्त पैसे अडकवून ठेवावे लागतात. आपल्याकडे उलट आहे. काच वापरणाऱ्या गटाला वाहतुकीचे भाडे, फूट आणि धुणावळ सोसावी लागते आणि प्लॅस्टिक वापरणाऱ्याला त्यातले काहीच नाही. शासनाने निदान बाटल्यांची पहिली खेप आणि धुण्याचे यंत्र यांसाठी बचत गटांना साहाय्य करावे, ही ओळ ठरावात घालावी, ही विनंती.

उत्तर 3 : देवस्थानच्या भांड्यांची व्यवस्था पाहणारे, देवगड तालुका

तुम्ही जे नवे म्हणून मांडता आहात, ते आमच्या देवळात माझ्या आजोबांच्या काळापासून चालू आहे. टोप, पराती, ओगराळी, ताटे आणि पाण्याचे पेले ही सगळी गावकीची भांडी. लग्न असो वा समाराधना, ज्याच्या घरी कार्य असेल त्याने वहीत नोंद करून न्यायची, मोजून परत करायची आणि हरवलेल्याची किंमत भरायची. दोन वर्षांपूर्वी वही चाळताना दिसले की, नोंदी निम्म्यावर आल्या आहेत. लोक म्हणतात, भांडी घासायला माणसे मिळत नाहीत. ते खरेही आहे, कारण तरुण मुले मुंबईला असतात आणि पंगतीनंतर घासायला बसणाऱ्या बायकांना त्याचे पैसे देण्याची रीत आपण कधी घातलीच नाही. म्हणून ठरावात घासणाऱ्यांच्या मजुरीची तरतूद आधी करा, भांडी नंतर घ्या.

पाण्याचा मुद्दाही मसुद्यात नाही. पर्यटक सर्वांत जास्त असतात एप्रिल-मेमध्ये, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) विहिरी तळ गाठतात. नळाखाली एकेक ताट धुतले तर गाव तुमच्या विरोधात जाईल. आम्ही तीन घमेली लावतो : पहिल्यात खरकटे सुटते, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात विसळण. पहिल्याचे पाणी गाळून माडांच्या आळ्यात जाते. धुण्याची जागा बांधताना उतार माडांच्या बाजूला काढा.

गावातल्या माणसाकडून आम्ही अनामत घेत नाही, कारण तो कोणाच्या घरचा हे ठाऊक असते. परक्या माणसाच्या बाबतीत ते शक्य नाही, तेव्हा तिथे अनामत घ्यावीच लागेल, आणि ती डबा फेकून देणे परवडणार नाही इतकी असावी. निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून दारूच्या बाटलीमागे 10 रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणल्यावर परत देण्याची पद्धत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सुरू झाली, आणि पुढे ती तमिळनाडूच्या इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली. काचेच्या बाटलीला 10 रुपये पुरत असतील, पण स्टीलच्या डब्याला पुरणार नाहीत.

प्रश्नकर्ता :

काका, ताई, आपणा सर्वांचा आभारी आहे. पाणी आणि मजुरी हे दोन्ही मुद्दे मी पूर्णपणे विसरलो होतो. मसुदा दोन भागांत पुन्हा लिहितो आहे. गावाच्या भागात स्टॉलच्या परवानगीची अट, डब्यामागे 100 रुपये अनामत, तीन घमेल्यांची धुण्याची जागा आणि घासणाऱ्या महिलांना दिवसाची ठरलेली मजुरी असेल. शासनाच्या भागात 0.9 लिटरखालील बाटल्यांवर पुनर्वापराचे बंधन, परत घेणाऱ्या दुकानदाराला नगामागे मोबदला आणि बचत गटांसाठी सामाईक बाटली या तीन मागण्या असतील. देवगडच्या काकांना एक विनंती : आपल्या भांड्यांच्या वहीच्या एखाद्या पानाचा फोटो इथे टाकता आला तर पाहावा, नावे झाकली तरी चालेल. कोणते रकाने आखायचे, ते त्यावरूनच ठरवीन.