मदत हवी आहे: घड्याळाच्या केसचा वाकलेला कान हाताने सरळ करता येईल का?

जुनीमिल_सोलापूर
एचएमटीचं जुनं, चावी द्यायचं मनगटी घड्याळ आहे. फरशीवर पडून केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीचा, सहाच्या बाजूचा एक कान (ज्यात पट्टा अडकतो ते टोक) आत दबलाय. दोन कानांमधलं अंतर मुळाशी १८ मिमी, टोकाशी १६.६. पट्ट्याची पिन बसत नाही. मागचं झाकण दाबून बसणारं आहे, तेही एका बाजूने उचलल्यासारखं राहतं. वरचं पॉलिश बऱ्यापैकी टिकून आहे, ते घालवायचं नाही. पक्कडीने ओढू का? हाताशी छोटा व्हाइस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा), व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) आणि कानस आहे.

कानसवाला
पक्कड आधी खाली ठेवा. तिचे दात मुलाम्यात रुततात, आणि जोर टोकावर येऊन कान मुळाशी तुटतो.

पहिलं काम म्हणजे मशीन बाहेर काढणं. स्टेम (चावीची आत जाणारी दांडी) स्क्रूने धरलेली असेल तर तो स्क्रू एकच फेरा सैल करा. पूर्ण काढलात तर स्टेमला आतून धरणारा सेट लिव्हर सुटतो आणि डायल उतरवल्याशिवाय परत बसत नाही. काचही काढा.

मग धातू ओळखा. लोहचुंबक इथे कामाचं नाही, पितळ आणि घड्याळाचं स्टील दोन्ही त्याला सहसा चिकटत नाहीत. दोन कानांच्या मधल्या, पट्ट्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी कानशीचा एकच हलका हात मारा. पिवळं दिसलं तर पितळ. करडं आणि मऊ लागलं तर जस्ताची ओतीव केस, ती वाकवायच्या फंदात पडू नका, बिस्किटासारखी तुटते.

जुनीमिल_सोलापूर
पिवळं आहे. पुढे?

कानसवाला
मग होईल. ओढायचं नाही, आतून ढकलायचं. एम ५ चा (५ मिमी जाडीचा) १० मिमी लांब बोल्ट आणि एक नट घ्या. नट असा चढवा की बोल्टचं टोक नटाच्या तोंडाशी बरोबर येईल. बोल्टचं डोकं आणि नट, दोन्हींच्या बाहेर दीड-दीड मिमीची पितळी पट्टी ठेवा. हा सगळा जॅक साधारण १६.५ मिमी भरतो, म्हणजे तुमच्या कानांच्या टोकांमध्ये जेमतेम जाईल.

आता खरी मेख. जॅक दोन्ही कानांना सारखाच ढकलतो, त्यामुळे चांगला कानही बाहेर जाईल. म्हणून चांगल्या कानाची बाहेरची बाजू लाकडी ठोकळ्याला टेकवून व्हाइसमध्ये धरा, आणि वाकलेल्या कानाच्या मुळाशी केसच्या अंगालाही दुसरा ठोकळा द्या. तुमच्या गावात यंत्रमागाचा मोडका धोटा भंगारात मिळेल, त्याचं लाकूड या कामाला फार छान, घट्ट असतं आणि मुलाम्यावर ओरखडा उठवत नाही.

नट बोल्टच्या टोकाकडे, बाहेरच्या दिशेने पाव फेरा फिरवा. एम ५ ला पूर्ण फेऱ्याला ०.८ मिमी, म्हणजे पाव फेऱ्याला ०.२. थांबा, सैल करा, मोजा. पितळ थोडं मागे येतंच, म्हणून १८.२-१८.३ पर्यंत नेलं की सोडल्यावर १८ च्या आसपास राहतं. घाई करून एकदम पूर्ण फेरा दिला की नेमकं कुठे थांबायचं ते कळत नाही. आणि पुढे गेलेला कान परत आत घ्यायचा म्हणजे तीच जागा दुसऱ्यांदा वाकणार, तिथेच तडा जातो.

सराफकट्टा
तापवून मऊ केलं तर सोपं नाही का जाणार? आम्ही पितळ लालसर होईपर्यंत तापवतो, मग मेणासारखं वळतं.

कानसवाला
मुलामा नसलेल्या पत्र्याला चालेल. इथे क्रोम काळं-निळं पडेल, आणि सगळी केस मऊ राहिली तर पुढच्या वेळी नुसत्या धक्क्यानेच वाकेल. मुलामा नव्यानेच करून घ्यायचा असेल तरच तापवा.

सराफकट्टा
मान्य. पण वाकवताना मुळाशी केसाएवढी बारीक रेघ दिसली किंवा मुलाम्याचे खवले उठले तर तिथेच थांबा, तडा गेलाय. कथलाने जोडू नका, पिनेच्या ताणाला टिकत नाही. टाकणखार लावून चांदीचा डाख द्यावा लागतो, आणि मग मुलामा पुन्हा करावाच लागतो.

वर्नियर_वेडा
झाकणाचं कुणी बोललं नाही. कान दबताना केसचं तोंड लंबगोल झालं असणार. आतला व्यास चार दिशांनी मोजा. फरक ०.१ च्या वर असेल तर गोल करावं लागेल. सोनाराची अंगठीची सळई यासाठी बारीक पडते आणि बांगडीची फार जाड. कातारीकडून सागवानाचा, किंचित निमुळता गोल खुंट कातून घ्या, मधला व्यास केसच्या तोंडाइतका. तो हाताने दाबून बसवा. व्यास जिथे जास्त आहे, त्या रेषेच्या दोन्ही टोकांना बाहेरून नायलॉनच्या हातोडीने हलके टोले द्या, दर टोल्याला केस थोडी फिरवत. एक करू नका: झाकण बसत नाही म्हणून काठ कानशीने घासू नका. झाकण त्या काठाच्याच पकडीवर बसतं, तो गेला की ते कायमचं सैल.

जुनीमिल_सोलापूर
मोजलं. एका दिशेला ३०.३, आडव्या दिशेला ३०.०. आधी कान की आधी तोंड?

वर्नियर_वेडा
आधी कान. त्याच्या दाबाने तोंड परत हलतं, म्हणून गोल करायचं काम शेवटी. झाकणाखालची रबर रिंग नवीन घाला.