नीलगिरी सगळ्या सारख्या नसतात

एक नीलगिरी आणि एक पक्षी, दोघांच्या धोक्याची तुलना इथे निघाली, तर एकांनी विचारलंय, नीलगिरी तर हायवेच्या कडेला ढिगाने दिसते, तिला कसला आलाय धोका? इथेच गफलत होते. नीलगिरी ही एक जात नव्हे. युकॅलिप्टस या प्रजातीत सातशेहून जास्त जाती आहेत, आणि आपल्याकडे लावतात त्या मोजक्याच. कुळ मिर्टेसी, म्हणजे आपल्या जांभूळ-पेरूचंच. (पेरूचं पान चुरगाळून वास घ्या, पटेल.)

आता ऑस्ट्रेलियातलं 'यलो बॉक्स', युकॅलिप्टस मेलिओडोरा. आययूसीएनच्या (निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) धोक्यातल्या जातींच्या यादीत ते 'संकटप्रवण' आहे. माळरानं शेती-मेंढ्यांसाठी साफ झाली. जुनी झाडं उरली, पण खाली रोपटी दिसत नाहीत, मेंढ्या शिल्लकच ठेवत नाहीत.

याच झाडांच्या मधावर जगणारा रीजंट हनीईटर हा पक्षी मात्र 'अतिसंकटग्रस्त', म्हणजे धोक्यात झाडापेक्षा दोन पायऱ्या पुढे. काळ्या-पिवळ्या नक्षीचा, डोळ्याभोवती चामखिळीसारखी उघडी कातडी. गण पॅसेरिफॉर्मिस, कुळ मेलिफॅजिडी. सवयी आपल्या शिंजीरासारख्या, पण नातं जवळचं नाही.

रानात जेमतेम काहीशे उरलेत. इतके विरळ, की पिल्लू नरांना गाणं शिकवायला जाणता नर आसपास सापडत नाही. मग ते दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी उचलतात. २०२१ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. अशा नरांना जोडीदारीणही कमी मिळते म्हणे.

तेव्हा पक्ष्याची आणि झाडाची तुलना अगदीच फालतू नाही, असं मला तरी वाटतं.