मदत हवी आहे : ‘सबएपिडर्मल बुला’ असा अहवाल आला आहे, दुसऱ्यांदा तुकडा काढू द्यावा का?

उंबरठा७ :
आमच्या आबांच्या मांड्यांवर आणि पोटावर गेल्या तीन आठवड्यांपासून पाण्याचे फोड येत आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी एक लहानसा फोड कडेच्या कातडीसह कापून तपासणीस पाठवला. अहवालात ‘सबएपिडर्मल बुला, इओसिनोफिल पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आढळल्या, डी.आय.एफ. करावे’ एवढेच लिहिले आहे. आता डॉक्टर म्हणतात की आणखी एक तुकडा काढून कोल्हापूरबाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. एकदा कापून झालेले असताना पुन्हा कशासाठी? तीच तपासणी पहिल्या नमुन्यावर का होत नाही? उद्या दुपारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे, तेव्हा कृपया मुद्द्याचे सांगावे.

बावडेकर :
आबा म्हणजे आपले वडील की आजोबा? त्यांचे वय किती आहे, फोड येण्यापूर्वी खाज होती का, तोंडात व्रण आहेत का आणि रोजची औषधे कोणती चालू आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर कोणीही काहीही सांगेल.

जुनी पेठ :
ही सरळसरळ नागीण दिसते. आमच्या काकूंना शिवाजी पेठेतील एका जाणत्या बाईंनी गेरूचा लेप दिला आणि आठ दिवसांत फोड बसले. कापाकापीच्या नादी लागू नये.

बावडेकर :
नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात आणि बहुधा शरीराच्या एकाच बाजूला उठते. येथे दोन्ही मांड्या आणि पोट आहे, शिवाय तीन आठवडे नवे फोड येतच आहेत. काकूंची नागीण लेपाने गेली की तिची मुदत संपली म्हणून गेली, हा प्रश्नही उरतोच.

काचपट्टी (निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ) :
मूळ प्रश्नाचे उत्तर असे की पहिला तुकडा नमुना टिकवणाऱ्या फॉर्मालिनमध्ये गेला असणार आणि डी.आय.एफ., म्हणजे प्रतिपिंडे चमकवून पाहण्याची तपासणी, त्या तुकड्यावर नीट होत नाही, कारण फॉर्मालिन प्रथिनांची घडणच बदलून टाकते. या तपासणीचा तुकडा मिशेलच्या द्रावणात ठेवतात आणि तो फोडाचा नव्हे, तर फोडाशेजारच्या, दिसायला धड असलेल्या कातडीचा घेतात. फोडाच्या आत जे शोधायचे तेच बऱ्याचदा नष्ट झालेले असते.

आता ‘सबएपिडर्मल बुला’ या शब्दांविषयी. बुला म्हणजे मोठा फोड आणि सबएपिडर्मल म्हणजे कातडीच्या वरच्या थराखालचा. आपल्या गावची कोल्हापुरी चप्पल डोळ्यांसमोर आणावी. तिच्या तळाचे थर खिळ्यांनी नव्हे, तर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात. वादी तुटली की थर सुटतो, पण चामडे शाबूत राहते. कातडीचा वरचा थर एपिडर्मिस आणि खालचा डर्मिस यांच्यामध्ये अशीच एक शिवण आहे, तिला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. वरच्या थराच्या तळपेशी हेमिडेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म टाचण्यांनी या पडद्याला धरून असतात, तर खालच्या बाजूने सातव्या प्रकारच्या कोलाजेनचे तंतू पडद्याला डर्मिसमध्ये रोवून ठेवतात. बुलस पेम्फिगॉइड या आजारात शरीराची प्रतिपिंडे त्या टाचण्यांमधील दोन प्रथिनांवर हल्ला करतात आणि शिवण उसवते. अख्खा वरचा थर छत म्हणून राहत असल्याने फोड टणक, ताणलेला दिसतो आणि लवकर फुटत नाही.

या आजारात डी.आय.एफ. केले की अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली त्या सीमेवर पोपटी रंगाची एक सलग रेघ उमटते. मी ती शेकडो वेळा पाहिली आहे, तरी प्रत्येक वेळी मान थोडी पुढे जात असे.

साखरगाठी :
माझ्या आईला पेम्फिगस होता आणि तपासणीच्या घोळात आमचा दीड महिना गेला. आधी स्टेरॉइड सुरू करा, नाव नंतर ठरवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

काचपट्टी :
आपल्या आईंचा आजार वेगळा होता. पेम्फिगसमध्ये वरच्या थरातील पेशींचेच एकमेकींशी असलेले धागे सुटतात, म्हणून फोड लिबलिबीत असतो, चटकन फुटतो आणि तोंडातील व्रण बहुधा आधी येतात. तेथे रेघ नव्हे, जाळी दिसते. वॉल्टर लिव्हर यांनी १९५३ साली हे दोन आजार वेगळे करून दाखवले, त्यापूर्वी दोन्ही एकाच नावाखाली मोडत. औषधाची मात्रा आणि मुदत या फरकावर ठरते.

साखरगाठी :
फरक मान्य आहे. परंतु रुग्ण घरी तळमळत असताना रेघ की जाळी याची वाट पाहणे सोपे नसते, एवढेच माझे म्हणणे.

तांबडी माती :
तालमीत मुद्गल फिरवून आमच्या तळहातांना फोड येत, तेव्हाही हीच शिवण उसवत असे काय?

काचपट्टी :
नाही. घर्षणाचा फोड वरच्या थराच्या आतच फाटतो, म्हणून तो खूण न ठेवता भरून येतो.

उंबरठा७ :
आबा माझे सासरे आहेत, वय ७८. दोन महिने प्रचंड खाज होती, आम्ही ती थंडीतील कोरडेपणाची समजलो. तोंडात काही नाही. मधुमेह आहे आणि सव्वा वर्षापासून विल्डाग्लिप्टिनची गोळी चालू आहे, पण साखरेचा फोडांशी काय संबंध? परवा ड्रेसिंग बदलताना चिकटपट्टीबरोबर रुपयाएवढी कातडी निघून आली, त्यामुळे आणखी कापण्याची भीती वाटते.

बावडेकर :
आधीच विचारले ते याचसाठी! संबंध साखरेचा नसून गोळीचा असू शकतो. ग्लिप्टिन गटातील औषधे घेणाऱ्यांमध्ये पेम्फिगॉइड अधिक आढळतो आणि तो गोळी सुरू झाल्यावर कित्येक महिन्यांनीही उद्भवतो. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. मात्र दोन्ही डॉक्टरांना ही गोष्ट उद्याच सांगावी. पोटातून स्टेरॉइड दिल्यास साखर वाढेल, हेही त्यांना एकत्र बसून ठरवू द्यावे. फ्रान्समधील, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पसरलेल्या आजारासाठी क्लोबेटासोल हे स्टेरॉइड मलम अंगभर लावणे हे गोळ्यांपेक्षा सुरक्षित ठरले होते, तो पर्यायही विचारावा.

काचपट्टी :
चिकटपट्टी आजपासून बंद करावी. उतारवयात दोन थरांमधील या सीमेच्या नागमोडी घड्या सपाट होतात आणि पकड मुळातच सैल पडते. व्हॅसलिनचे गॉज ठेवून वरून सुती पट्टी गुंडाळावी. मोठा फोड डॉक्टरांनी सुईने रिकामा केला तरी छत कापू देऊ नये, तेच उत्तम ड्रेसिंग असते. दुसरा तुकडा पेन्सिलच्या जाडीचा असतो आणि एखाद्या टाक्यात काम होते.

कागलची सून :
माझ्या जावेच्या बाळाला जन्मापासून धरू तेथे फोड येतात. दीर आणि जाऊ आतेमामेभावंडे आहेत. हाच आजार का?

काचपट्टी :
तो बहुधा वेगळा आहे. त्याच शिवणीतील प्रथिने जन्मतःच सदोष असल्याने होणारा एपिडर्मोलिसिस बुलोसा असू शकतो आणि नात्यातील लग्नांत त्याच्या काही प्रकारांची शक्यता वाढते. बाळाला काखेत धरून उचलू नये, गादीसह उचलावे आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे विनाविलंब न्यावे. कृपया वेगळा धागा काढावा, येथे दोन्ही प्रश्नांची सरमिसळ होईल.

जुनी पेठ :
गेरूने अपाय तरी काय होणार होता?

बावडेकर :
उघड्या जखमेवर माती जाते, हा अपाय होतो.

उंबरठा७ :
उशिरा लिहीत आहे. आम्ही होकार दिला. अहवालात सीमेवर आय.जी.जी. (एक प्रतिपिंड) आणि सी-३ (रक्तातील एक संरक्षक प्रथिन) यांची सलग रेघ आली, म्हणजे पेम्फिगॉइडच निघाला. मधुमेहाच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आहे, क्लोबेटासोल रोज लावतो आणि चार दिवसांत नवा फोड आलेला नाही. खाज मात्र अजून आहे. उद्या टाका काढायचा आहे. तेथील परिचारिकेला चिकटपट्टी लावू नये असे आबांनी स्वतःच दोनदा बजावून ठेवले आहे.