पायाजवळचं ते खोड शोभेचं नाही
एकांनी लिहिलंय की रोमन खेळाडूंच्या पुतळ्यांत पायाला चिकटलेलं झाडाचं खोड निव्वळ शोभेसाठी असतं. नाही हो! मूळ ग्रीक पुतळे बरेचदा ब्राँझचे, आतून पोकळ, त्यामुळे दोन पायांवर सहज पेलायचे. रोमन शिल्पकारांनी त्यांची संगमरवरात प्रत करताना सगळा भार घोट्यांवर यायचा आणि दगड तिथेच तडकायची भीती. पाँपेई या प्राचीन रोमन शहरातला भालाधारी, म्हणजे अशीच एक संगमरवरी प्रत, जो आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तो नीट बघा.

पण खरी कमाल १८६३ साली रोमजवळच्या प्रिमा पोर्ताला सापडलेल्या, रोमन सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याची. तिथे खोडाऐवजी डॉल्फिनवर बसलेला क्युपिड, म्हणजे व्हीनस देवीचा मुलगा आहे! आधार तर झालाच, शिवाय सम्राटाचं घराणं थेट व्हीनस देवीपासून आल्याचा दावाही त्यातच कोरला गेला. असा शिल्पकार विरळा.