बदल केलेली १९६९ ची एमजीबी जीटी विकायची आहे: जाहिरातीत काय लिहावे, किंमत कशी ठरवावी?

डर्बीकर:

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये डर्बी येथे राहतो. त्यांपैकी सात वर्षांचे बहुतेक शनिवार-रविवार मी १९६९ ची एक एमजीबी जीटी (एमजी कंपनीची बंद छताची छोटी स्पोर्ट्स कार) पुन्हा उभी करण्यात घालवले. गाडी घेतली तेव्हा दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालून जाणारे पत्र्याचे आडवे भाग) गंजून इतके पोकळ झाले होते की जॅक लावल्यावर गाडी वर येण्याऐवजी जॅकच पत्र्यात शिरत असे. आता पत्र्याचे काम पूर्ण झाले असून गाडी दोन उन्हाळे रस्त्यावर धावलेली आहे, परंतु आम्हाला घर बदलायचे आहे आणि नव्या घराला गॅरेज नाही.

अडचण अशी की गाडी मूळ स्वरूपात राहिलेली नाही. इंजिन तिचेच आहे, पण बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून ते १७९८ सीसीचे १९५० सीसी करून घेतले आहे आणि हेडमध्ये शिसेविरहित पेट्रोलसाठी कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत. मूळच्या चार गिअरच्या गिअरबॉक्सच्या जागी फोर्ड सिएराचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आहे. मागचे लिव्हरचे शॉक अॅब्सॉर्बर काढून टेलिस्कोपिक बसवले आहेत, तारांच्या चाकांऐवजी अलॉय चाके आहेत, आणि मूळचा फिकट पिवळा रंग जाऊन गडद हिरवा आला आहे.

माझ्याकडील बिलांची बेरीज २१,००० पौंडांच्या वर जाते. एका व्यापाऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारून ९,००० पौंड सांगितले आणि 'बदल केलेल्या गाडीला गिऱ्हाईक नसते' असेही वर ऐकवले. हे खरे आहे का? विकण्यापूर्वी गाडी मूळ स्वरूपात न्यावी, की आहे तशीच शौकिनांपुढे ठेवावी?

जुना_बी_सिरीज:

बिलांची बेरीज प्रथम बाजूला ठेवावी, कारण घेणारा तुमच्या सात वर्षांचे पैसे देत नाही, त्याच्या पुढच्या सात वर्षांची निश्चिंती विकत घेतो. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या, त्यांचे जवळजवळ सर्व सुटे भाग आजही मिळतात आणि उघड्या मॉडेलची तर संपूर्ण नवी बॉडीसुद्धा १९८८ पासून उपलब्ध आहे. त्यामुळे दुर्मिळतेचा भाव या गाडीला येत नाही. शिवाय जीटीला उघड्या गाडीपेक्षा सहसा कमी किंमत मिळते. पिनिनफारिना या इटालियन डिझाइन संस्थेचा हात लागलेले छत मला स्वतःला कितीही देखणे वाटत असले तरी बाजाराचे मत वेगळे आहे.

व्यापाऱ्याचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. बदल केलेल्या गाडीला गिऱ्हाईक असते, फक्त ते मूळ गाडीच्या गिऱ्हाइकाहून वेगळे असते, आणि दोघांनाही खूश करू पाहणारी जाहिरात कोणालाच पटत नाही. तुमचा ग्राहक आठवड्याच्या शेवटी शंभर-दीडशे मैल चालवणारा माणूस आहे. त्याला पाच गिअरचे महत्त्व आकड्यांत सांगा. मूळ चौथ्या गिअरमध्ये १००० आरपीएमला सुमारे १८ मैलांचा वेग मिळतो, म्हणजे ताशी ७० मैलांना इंजिन ३९०० आरपीएमवर घोंघावत राहते. सिएराच्या पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८२ असल्याने तेच ३२०० पर्यंत उतरते. येथे जाणकार लगेच म्हणेल की एवढाच फरक कारखान्याच्या ओव्हरड्राइव्हनेही (मूळ गिअरबॉक्सला जोडलेली, इंजिनाचे फेरे कमी करणारी यंत्रणा) पडतो, मग सिएरा कशाला? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. तुम्हाला चांगल्या स्थितीतला ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स मिळाला नसेल, तर तेच सांगावे.

गाडी मूळ स्वरूपात नेण्याचा सरसकट खटाटोप करू नका. नटबोल्ट काढून परत फिरवता येतात असे बदल, म्हणजे चाके आणि शॉक अॅब्सॉर्बर, किंमत फारशी पाडत नाहीत; मात्र काढलेले मूळ भाग सोबत दिले पाहिजेत. पत्रा कापून केलेले बदल किंमत पाडतात. म्हणून एक गोष्ट विचारतो: गिअरबॉक्स बसवताना ट्रान्समिशन टनेल (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) कापला आहे का? आणि जुना गिअरबॉक्स तुमच्याकडे आहे का?

इंजिनाबाबत केवळ '१९५० सीसी' लिहिणे पुरेसे नाही. मशिनिंग कोणी केले, कॅमशाफ्ट कोणता आहे, त्यानंतर किती मैल झाले आणि इंजिन पूर्ण गरम असताना ऑइल प्रेशर किती राहते, हे लिहा. मी स्वतः अशी एक गाडी पाहायला गेलो होतो, तेव्हा मालकाने ती आधीच तापवून ठेवली होती. मी बोनेटवर हात ठेवला आणि परत आलो. गाडी थंड ठेवा, ग्राहकासमोर सुरू करा.

फाईलवाला:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण माझ्या मते तुमची खरी ठेव सिलच्या छायाचित्रांत आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासीचे काम करते आणि तिचा बराचसा जोर सिलवर असतो. गंजलेल्या जुन्या सिलवर नवा पत्रा चढवून वरून रंग मारलेल्या गाड्या इतक्या आहेत की चमकदार रंग पाहून जाणकाराचा संशय उलट वाढतो. आतला सिल, मधला पडदा आणि खालची कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी उघडी असतानाची छायाचित्रे तुमच्याकडे असतील, तर ती जाहिरातीत अगदी वर द्या. सूर्यास्तात उभ्या केलेल्या गाडीचे छायाचित्र नंतर आले तरी चालेल.

आता कागद. इंजिनाची क्षमता आणि रंग बदलल्याचे डीव्हीएलएला (वाहन नोंदणीचे सरकारी खाते) कळवून व्ही५सीमध्ये, म्हणजे नोंदणीपत्रात, नोंद करून घेतली आहे का? नसेल तर जाहिरातीपूर्वी ते करा, कारण कागदावर पिवळी आणि दारात हिरवी गाडी पाहून ग्राहक बिचकतो. चाळीस वर्षांवरील गाडीला २०१८ पासून एमओटी ही रस्त्यावर चालवण्यायोग्यतेची वार्षिक तपासणी बंधनकारक नाही, मात्र गेल्या तीस वर्षांत तिच्यात मूलभूत बदल झालेला नसावा अशी अट आहे. त्याच मूळ इंजिनाची वाढवलेली क्षमता हा मूलभूत बदल धरला जात नाही, आणि सुरक्षितता किंवा कार्यक्षमता सुधारण्यासाठी अॅक्सल व सस्पेन्शनमध्ये केलेले बदलही मान्य आहेत. तरीही मी सांगेन की स्वतःहून एमओटी करून घ्या. गाडीच्या क्रमांकावरून तिचा एमओटी इतिहास कोणालाही सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो, आणि तिऱ्हाइताने काढलेला ताजा शेरा तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त वजनाचा ठरतो.

गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्रही मागवा. एमजीच्या अॅबिंग्डन येथील कारखान्यातून गाडी कधी, कोणत्या रंगात आणि कोणत्या इंजिन क्रमांकासह बाहेर पडली हे त्यात असते. बदल केलेल्या गाडीला त्याचा काय उपयोग, असे वाटेल. पण 'इंजिन तिचेच आहे' या तुमच्या विधानाला दुसरा पुरावा कोणता आहे?

एक कायदेशीर बाब. खासगी विक्रीत व्यापाऱ्याइतकी जबाबदारी तुमच्यावर येत नाही, परंतु गाडी वर्णनाप्रमाणे असली पाहिजे हे बंधन तुम्हालाही लागू आहे. 'नट न् नट उघडून केलेली' असे लिहिले आणि मागचा अॅक्सल उघडलेलाच नसेल, तर ते वाक्य तुमच्या अंगाशी येईल.

कर्वेरोड:

पुण्याहून लिहीत आहे. इंग्लंडमध्ये बदल उघडपणे लिहिता येतात याचा हेवा वाटला. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतील नोंदणी मिळवायची, तर गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी वा इंजिनात बदल झालेला नसावा. परिणामी इकडे पुष्कळ विक्रेते बदलांविषयी मौन पाळतात आणि घेणाऱ्यालाच गाडीखाली झोपून शोध घ्यावा लागतो. असाच एकदा मी फसलो असल्याने सांगतो, मालकाने आपणहून दाखवलेल्या दोषाइतका विश्वास दुसऱ्या कशानेही बसत नाही. तुमच्या गाडीत न जमलेले, अर्धवट राहिलेले काही असेलच. ते आधी लिहा.

डर्बीकर:

सर्वांचे आभार. प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो.

टनेल कापलेला नाही. जुना गिअरबॉक्स शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, तारांची पाच चाकेही आहेत. ती मी स्वतंत्रपणे विकणार होतो, पण आता गाडीसोबतच देईन. ओव्हरड्राइव्ह न घेण्याचे कारण जुना_बी_सिरीज यांनी ओळखले तेच आहे: जे दोन पाहिले ते दोन्ही उघडून दुरुस्त करावे लागले असते.

सिलची चाळीसएक छायाचित्रे जुन्या फोनमध्ये सापडली. रंगाची नोंद झालेली आहे, क्षमतेची मात्र राहून गेली होती. व्ही५सी आज टपालाने पाठवले. अॅक्सल मी खरोखरच उघडलेला नाही, फक्त तेल आणि सील बदलले, त्यामुळे मसुद्यातील 'नट न् नट' काढून टाकले आहे. कर्वेरोड यांच्या सूचनेनुसार दोषही लिहिले: डावे दार बंद करताना किंचित उचलावे लागते, आणि पेट्रोलचा काटा अर्ध्या टाकीखाली गेला की मनाला येईल ते दाखवतो.

किंमत १३,५०० पौंड ठेवून आधी एमजी कार क्लबच्या सभासदांत जाहिरात देणार आहे. एमओटीची वेळ येत्या गुरुवारची मिळाली आहे. जो शेरा येईल तो येथे लिहीन.