रांगझेन, रांगक्योंग : स्वातंत्र्य की स्वायत्तता?

परवा एका बातमीत वाचलं की दलाई लामा तिबेटच्या स्वातंत्र्याची मागणी करतात, आणि त्याच बातमीत खाली 'स्वायत्तता' लिहिलंय. दोन्ही एकच का? आणि चीन 'फुटीरतावादी' म्हणतो ते कशाला?

--

एकच नाहीत हो, आणि ही गल्लत मराठीत सर्रास होते. नागपुरात थंडीत तिबेटी लोक स्वेटरचे स्टॉल लावतात, तिथे गोठणगावच्या (गोंदिया जिल्हा) वसाहतीतल्या एक मावशी आहेत, मराठी छान बोलतात. त्यांना हेच विचारलं तर त्यांनी पावतीच्या मागे दोन शब्द लिहून दाखवले, रांगझेन आणि रांगक्योंग. सुरुवातीचं 'रांग' दोन्हीत अगदी सारखं, रांग म्हणजे स्वतः. पुढचं वेगळं. झेन म्हणजे बळ, सत्ता, म्हणून रांगझेन हा आपल्या 'स्वराज्य'च्या जवळचा. क्योंग म्हणजे सांभाळणं, राखणं, म्हणजे सातबारा दुसऱ्याच्या नावावर पण आतला कारभार आपला.

दलाई लामा १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला जे बोलले ते या दुसऱ्या अर्थानं, चीनमध्येच राहून खरी स्वायत्तता. त्याला ते 'उमेलाम' म्हणतात, म्हणजे मध्यम मार्ग, आणि हा शब्द दीक्षाभूमीच्या गावात कुणाला समजावून सांगायला नको. रांगझेनच हवं म्हणणारे तिबेटी, त्यात तरुण बरेच, आजही आहेत. पण पेइचिंग दोघांनाही एकाच 'झांगदू'त, म्हणजे 'तिबेट स्वतंत्र करू पाहणारे' या शिक्क्यात बसवतं. आपण 'स्वायत्तता'च्या जागी 'स्वातंत्र्य' लिहिलं की नकळत तोच शिक्का मारतो, म्हणून मला हे फार खटकतं.

आणि मजकुरात नुसतं 'स्वायत्त' लिहिलं तरी भागत नाही कारण चीननं १९६५ मध्ये 'तिबेट स्वायत्त प्रदेश' केला त्याच्या तिबेटी नावातही हेच रांगक्योंग आहे, आणि तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा सर्वोच्च सचिव आजवर एकदाही तिबेटी झालेला नाही. म्हणून मी 'खरी स्वायत्तता' असंच लिहिते.

--

मग चीन आणि तिबेटमधल्या १९५१ च्या कराराला 'मुक्ती' लिहिलेलं असतं ते?

--

ते चीनचं म्हणणं आहे, 'शांततामय मुक्ती'. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटातल्या चामदोत घुसलं आणि त्यानंतर २३ मे १९५१ ला १७ कलमांच्या करारावर सह्या झाल्या, १९५९ मध्ये भारतात आल्यावर दलाई लामांनी तो करार नाकारला. अवतरणचिन्हाशिवाय 'मुक्ती' लिहू नये.